उजेडापुरता

सेटवर माणसाला त्याच्या हातातल्या वस्तूचं नाव पडतं.
ए थर्माकोल, डावीकडे सरक. ए कटर, खाली ये.
मी पहिल्या दिवशी एक छोटा दिवा धरला होता,
तेव्हापासून अकरा वर्षं मी बेबी.
लग्न झालं, कंबर गेली, तरी बेबी.

आई फोनवर मागचे आवाज ऐकायची:
बेबी मार, बेबी तापलीय, हात लावू नको,
सोलर किल कर, सगळे किल कर.
एकदा तिनं घास खाली ठेवला.
"ह्या बेबी कोणाचा रे? आणि मारतत कित्याक?"
आये, मारणं म्हणजे लावणं, किल म्हणजे विझवणं.
"मग विझय म्हणाक काय होता?"

यंदा युनिट खवण्याला आलं.
जनरेटर शाळेमागं, मेकअपची गाडी सुरूच्या बनात,
आणि ट्रॉलीचे रूळ बरोबर तिथं
जिथं रापणीचा दोर ओढतात.
बाबा सगळं बघत होते, होडीत बसून, विडी न पेटवता.
अॅपल बॉक्स आण म्हणाले तसे उठून आले,
पेटी उलटी करून पाहिली.
आत काहीच नव्हतं. त्यांनी ती नीट परत ठेवली.

हिरोला म्हातारा नाखवा व्हायचं होतं.
त्याची सुरकुती अजून चिकटत होती.
नियाजचाचा म्हणाले, ऊन जाईल, डमी लाव कुणी,
हीच उंची, हाच रंग.
सगळ्यांत जवळ बाबा होते.
स्वतःच्याच होडीत, स्वतःच्याच फळीवर
पिवळ्या टेपचा टी मारून
त्यांना त्यावर उभं केलं.

चाळीस मिनिटं.
गालाशी मीटर, नाकापर्यंत टेप,
कपाळावर स्किमरची सावली कमी, जास्त, कमी.
काका, थोडं चीट करा समुद्राकडे.
बाबा हलले नाहीत.
"आयुष्यात कोणाक चीट नाय केलंय."
मी धावत जाऊन खांदा धरून वळवला त्यांचा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी बाबांच्या खांद्याला हात लावला असेन.
हाड होतं नुसतं.

मग कंटिन्यूइटीवाली ईशानी आली, हातात सकाळचा फोटो:
पाणी इथं होतं, आता तिथं कसं?
सगळे समुद्राकडे पाहू लागले, त्यानंच चूक केल्यासारखे.
बाबा खुणेवरूनच बोलले,
"दर्या खंय पळता? सा तासांनी येतलो."
असिस्टंटनं ते लिहून घेतलं.
उरलेला पॅच संध्याकाळी लागला.

हिरो आला. बाबा उतरले, तो चढला.
त्यांच्यासाठी मोजलेला उजेड त्याच्यावर पडला.
चाचा माझ्या कानाशी म्हणाले,
बेबी, तुझ्या वडिलांवर लाइट जास्त चांगला बसत होता.
हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं नाही.
मीही नाही.

कटरच्या सावलीत उभं राहून बाबांनी विचारलं,
"माका काय म्हणत होते ते?"
डमी.
"म्हणजे?"
या शब्दाचे मला चार अर्थ येतात.
म्हटलं, ज्याच्यावर उजेड ठरवतात, तो.
त्यांनी मान हलवली,
लिलावात भाव पटल्यावर हलवतात तशी.
व्हाउचरवर लिहिलं होतं: डमी, नग एक.
खाली त्यांनी सही केली,
रावजी भिकाजी गिरप,
अक्षरं रेघेबाहेर जाईपर्यंत.

पॅकअप झालं. सेटिंगवाल्यांनी खुणा उपटल्या,
रूळ गेले, वाळूत चाकांचे चर राहिले
ते पुढच्या भरतीनं घेतले.

मे संपता संपता होडी झापाखाली चढली.
बायकोनं व्हिडिओ कॉल लावला, पोरगी दाखवायला.
मागं बाबा फळ्यांना काजूचं तेल लावत होते.
ब्रश त्या फळीपाशी आला,
थांबला,
आणि पिवळ्या टेपच्या कडेकडेनं
पुढे गेला.